सांदीपनींच्या गावातला नापास विद्यार्थी

उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलेला यात्रेकरू सांदीपनी ऋषींच्या आश्रमातही डोकावून येतो. श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा या आश्रमात शिकले, अशी परंपरा आहे. यदुकुलातील राजपुत्र आणि दोन वेळच्या अन्नाची भ्रांत असलेला ब्राह्मणाचा मुलगा यांना एकाच गुरूने एकत्र बसवून शिकवले, ही या स्थळाची खरी पुण्याई. याच उज्जैनमध्ये १९३० साली बारा-तेरा वर्षांचा एक मराठी मुलगा मिडलच्या परीक्षेत नापास झाला. हायस्कूलच्या वाटेवरचा हा पहिला मोठा टप्पा होता आणि तेथेच तो अडखळला. पुढे याच मुलाचे नाव आधुनिक हिंदी कवितेत अग्रक्रमाने घेतले जाऊ लागले आणि विद्यापीठांनी त्याची कविता अभ्यासक्रमात लावली. तो मुलगा म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचे चरित्र बहुधा थोर कवीचे चरित्र म्हणून सांगितले जाते. ते एका विद्यार्थ्याचे चरित्र म्हणूनही वाचण्यासारखे आहे. शिक्षणाच्या प्रत्येक दारापाशी ते उशिरा पोहोचले आणि उशीर होण्याचे कारण दर वेळी बुद्धीबाहेरचे होते.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातील जळगावकडचे. पणजोबा वासुदेवराव तिकडून ग्वाल्हेर संस्थानात आले आणि आजोबा गोपाळरावांनीही संस्थानी चाकरीत आयुष्य घालवले. माळव्यात तेव्हा अशी शेकडो मराठी घराणी होती. ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर, धार आणि देवासला पवार अशी मराठी राज्ये असल्यामुळे कारकून, शिक्षक, वकील आणि फौजदार म्हणून मराठी माणसे तेथे स्थिरावली होती. महाकालाचे आजचे मंदिरही अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले. सारस्वत कुळातील या कर्तबगार पुरुषाचे नाव गोमंतकीय वाचकाला परके वाटू नये. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, आणि वरिष्ठ वर्गांत इंग्रजी, अशा तीन भाषांच्या वातावरणात तेथील मराठी मुले वाढत.

गजाननचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. त्याच्याआधीची दोन अपत्ये अल्पायुषी ठरल्यामुळे या मुलाचे लाड फार झाले. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. घरी शिपाई असत आणि दारात दबदबा असे. तरीही माधवराव कडक शिस्तीचे, न्यायप्रिय आणि हाताचे स्वच्छ होते. पोलीस खात्यात राहून हात स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाजवळ निवृत्तीच्या वेळी जे उरते, तेवढेच त्यांच्याजवळ उरले. आई पार्वतीबाई बुंदेलखंडातील ईसागढच्या शेतकरी घरातील. त्यांचे शालेय शिक्षण बेताचे, पण वाचनाची आवड मोठी. हिंदीत प्रेमचंद आणि मराठीत हरि नारायण आपटे हे त्यांचे आवडते लेखक. मुलांना साहित्याची गोडी लागली ती आईकडून. धाकटे बंधू शरच्चंद्र पुढे मराठीतील मान्यवर कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. त्यांच्या एका कादंबरीचे नावच 'क्षिप्रा' आहे, आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यांना १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातील दोन भाऊ दोन भाषांत मोठे झाले, याचे श्रेय या आईच्या वाचनाला द्यावे लागते.

असे घर असूनही मुलगा नापास का झाला? कारण साधे होते. वडिलांच्या सतत बदल्या होत. उज्जैन, विदिशा, अमझेरा, सरदारपूर अशा ठिकाणी बिऱ्हाड हलत राहिले आणि गजाननची शाळाही त्याबरोबर हलत राहिली. नवे गाव म्हणजे नवे शिक्षक आणि नवे सोबती. एका शाळेत अर्धवट राहिलेला धडा दुसऱ्या शाळेत आधीच शिकवून झालेला असतो. गणितासारख्या विषयात मधली एक पायरी निसटली की पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळतात. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, वाचायला पुस्तके होती, आईबाप जागरूक होते. तरीही अस्थिरतेने आपला वाटा वसूल केला. विद्यार्थ्याची अडचण म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दारिद्र्य येते. फिरते बिऱ्हाड, घरातील आजारपण, शिक्षणाची वेगळी भाषा याही अडचणीच असतात; मात्र प्रवेशाच्या अर्जावर त्यांच्यासाठी रकाना नसतो. गुणपत्रिकेवर शेवटी एकच शब्द उमटतो.

त्या अपयशाचा घाव मुक्तिबोधांच्या मनावर खोल उमटला. पुढेही ते या नापास होण्याकडे आयुष्यातील एक महत्त्वाची घटना म्हणून पाहत. पुढच्या खेपेस ते उत्तीर्ण झाले, पण एक वर्ष गेले ते गेलेच.

हायस्कूल संपवून ते उज्जैनच्या माधव महाविद्यालयात गेले. १९३५ च्या सुमारास येथेच त्यांच्या लेखनाला सुरुवात झाली. कवितेची आवड असलेले प्राध्यापक रमाशंकर शुक्ल 'हृदय' यांचा सहवास लाभला, बरोबरीचे लिहिते मित्र मिळाले. माखनलाल चतुर्वेदी यांच्या 'कर्मवीर' पत्रात त्यांच्या आरंभीच्या कविता छापून आल्या. परीक्षेने ज्याला एकदा बाहेर थांबवले होते, त्याला महाविद्यालयाच्या वातावरणाने काही वर्षांतच कवी केले. महाविद्यालय म्हणजे केवळ अभ्यासक्रम नव्हे. तेथे ग्रंथालय असते, समवयस्कांची संगत असते, आपल्या कच्च्या लेखनाकडे गांभीर्याने पाहणारा एखादा शिक्षक असतो. प्रवेश हुकलेला विद्यार्थी पदवीबरोबर या साऱ्यालाही मुकतो.

त्या काळी माळव्यात एकही विद्यापीठ नव्हते. उज्जैन आणि इंदूरचे विद्यार्थी दूरच्या आग्रा विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. पदवीसाठी मुक्तिबोध इंदूरच्या होळकर महाविद्यालयात गेले. इंदूरला आत्याचे घर होते, म्हणून राहण्याची सोय झाली. परगावी नातेवाइकाचे घर असणे ही त्या काळी एक प्रकारची शिष्यवृत्तीच होती. कोणाची हुशार मुले पुढे शिकली आणि कोणाची राहिली, हे पुष्कळदा अशा एका घरावरून ठरत असे. १९३८ मध्ये ते बी. ए. झाले.

घरच्यांची इच्छा मुलाने वकील व्हावे अशी होती. फौजदाराचा मुलगा वकील झाला असता तर घराण्याची प्रतिष्ठा वाढली असती आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वडिलांना आधार मिळाला असता. पण मुलाचा ओढा तत्त्वज्ञान आणि साहित्य यांकडे होता. त्यातच इंदूरच्या वास्तव्यात शांताबाईंशी परिचय झाला. त्या गरीब घरातील होत्या. घरच्यांचा विरोध पत्करून मुक्तिबोधांनी १९३९ मध्ये त्यांच्याशी विवाह केला. आपल्या मनाप्रमाणे संसार मांडण्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. पुढे शिकायचे तर घरचे पाठबळ हवे. ते आता मागता येत नव्हते. संसार चालवायचा तर लगेच नोकरी हवी. आणि नोकरी मिळत होती ती शाळामास्तरची.

येथून ओढगस्तीची दीर्घ वाटचाल सुरू झाली. बडनगरच्या मिडल स्कूलमध्ये थोडे महिने, मग उज्जैनच्या दौलतगंज भागातील शाळा, मग शुजालपूरचे शारदा शिक्षा सदन, मग पुन्हा उज्जैनचे मॉडर्न स्कूल. लहानपणी वडिलांच्या बदल्यांमुळे फिरलेला मुलगा आता पोटासाठी फिरू लागला. पगार तुटपुंजा, घरात वाढती माणसे, आणि सावकाराकडून उसने घेण्याची पाळी. महाविद्यालयात शिकवायचे तर एम. ए. हवे. एम. ए. करायचे तर दोन वर्षांची फी आणि निवांतपणा हवा. तो निवांतपणा महाविद्यालयाच्या पगाराशिवाय मिळणार नाही. हे चक्र कोठून भेदावे, हा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राहिला.

तरीही या काळात त्यांचे स्वतःचे शिक्षण थांबले नव्हते. शुजालपूरला नेमिचंद्र जैन यांच्यासारखे सहकारी भेटले, रात्र-रात्र चर्चा झाल्या, मार्क्सपासून बर्गसाँपर्यंत वाचन झाले. १९४२ मध्ये उज्जैनला मध्य भारत प्रगतिशील लेखक संघाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेला 'तार सप्तक' हा संग्रह प्रसिद्ध झाला. सात कवींच्या या संग्रहाने हिंदी कवितेला नवे वळण दिले. सातांपैकी एक मुक्तिबोध, आणि आणखी एक माळव्यातीलच मराठी माणूस, प्रभाकर माचवे. ज्या पुस्तकाशिवाय पुढे हिंदीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा होईना, त्या पुस्तकातला हा कवी तेव्हा स्वतः पदव्युत्तर नव्हता. उज्जैनच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासत होता.

१९४५ मध्ये त्यांनी उज्जैन सोडले. बनारसला 'हंस' मासिकात संपादनापासून पडेल ते काम केले. जबलपूरला हितकारिणी हायस्कूलमध्ये शिकवले. १९४८ मध्ये ते नागपूरला आले. तेथे सरकारच्या प्रसिद्धी खात्यात, मग आकाशवाणीवर नोकरी केली. पुढे १९५६ च्या सुमारास 'नया खून' या साप्ताहिकात ते दाखल झाले आणि वेगवेगळ्या टोपणनावांनी राजकीय लेख लिहू लागले. नागपूरच्या वास्तव्यात मराठी आणि हिंदी या दोन्ही जगांत त्यांचा वावर राहिला. दारिद्र्य मात्र सोबतीला होतेच. याच शहरात, बी. ए. झाल्यानंतर तब्बल पंधराएक वर्षांनी, नोकरी आणि संसार सांभाळत त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली. तेव्हा त्यांचे वय पस्तिशी ओलांडलेले होते. ज्या वयात इतर लोक परीक्षकाच्या खुर्चीवर बसतात, त्या वयात हा मान्यताप्राप्त कवी परीक्षेच्या बाकावर बसला.

पदवी मिळाली तरी महाविद्यालयाचे दार लगेच उघडले नाही. ते उघडले १९५८ मध्ये, आणि तेही कोणत्या नामांकित संस्थेत नव्हे. आजच्या छत्तीसगडमधील राजनांदगाव या गावात आदल्याच वर्षी दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले होते. गावाने पुढाकार घेऊन उभारलेली ही संस्था राजघराण्याच्या जुन्या वाड्यात, दोन तलावांच्या मध्ये भरत असे. नव्या संस्थेला चांगले शिक्षक हवे होते आणि मुक्तिबोधांना स्थैर्य हवे होते. चाळिशी ओलांडल्यावर ते प्रथमच महाविद्यालयात व्याख्याते झाले. त्याच वाड्याच्या एका भागात त्यांचे बिऱ्हाड होते. वर जाणारा गोल जिना, खिडकीतून दिसणारे तलावाचे पाणी, रात्रीचा काळोख या साऱ्या गोष्टी त्यांच्या कवितेत शिरल्या. 'अँधेरे में' या दीर्घकवितेने अंतिम रूप घेतले ते येथेच. आयुष्यात प्रथमच थोडी उसंत मिळाली आणि त्यांचे सर्वोत्तम लेखन झाले. ही उसंत वीस वर्षे आधी मिळती तर काय झाले असते, असा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना पडतोच.

राजनांदगावचे महाविद्यालय उघडले त्याच १९५७ साली उज्जैनमध्ये विक्रम विद्यापीठाची स्थापना झाली आणि माळव्यातील मुलांचे आग्र्याशी असलेले बंधन सुटले. गोमंतकीय वाचकाला या घटनेचे मोल वेगळे सांगायला नको. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पण कला वा विज्ञान शाखेची पदवी घ्यायची तर मुक्तीपूर्वी मुंबई, बेळगाव, धारवाडची वाट धरावी लागे. मुंबईत राहणारा मामा वा काका ज्याला असेल तो जाई. इतरांची हुशारी गावातच विझे. १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालय घराजवळ येते तेव्हा विद्यार्थ्यांची बुद्धी वाढते असे नाही. बुद्धी आधीपासून असतेच. फक्त तिच्या वाटेतील प्रवासखर्च, परगावचे भाडे आणि खाणावळीचे बिल कमी होते.

राजनांदगावचे सुख फार टिकले नाही. मुक्तिबोधांनी विद्यार्थ्यांसाठी 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक लिहिले. शिक्षणाच्या वाटेवर स्वतः ठेचकाळलेल्या माणसाने शाळकरी मुलांसाठी देशाचा इतिहास सोप्या भाषेत मांडला होता. पुस्तक लागले असते तर कर्जाचे ओझेही थोडे हलके झाले असते. मात्र पुस्तकातील मजकुरावर आक्षेप घेऊन आंदोलन उभे राहिले आणि मध्य प्रदेश सरकारने सप्टेंबर १९६२ मध्ये त्यावर बंदी घातली. हा आघात त्यांनी फार मनाला लावून घेतला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. देशभरातील लेखकांनी धावपळ केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत विषय गेला आणि त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. ते दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत होते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाची सत्तेचाळीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी प्रकाशित झाला. तो त्यांना पाहता आला नाही. येथेही उशीरच झाला.

मुक्तिबोधांच्या आयुष्याचा दाखला देऊन पुष्कळदा असे सांगितले जाते की, प्रतिकूल परिस्थितीच माणसाला घडवते. त्यांच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. परिस्थितीने त्यांच्या कवितेला धग दिली, हे मान्य. पण तिने त्यांची वर्षे खाल्ली, प्रकृती खाल्ली आणि अनेक लेखने अपुरी ठेवली, हेही तितकेच खरे. शिवाय ते टिकले ते केवळ स्वतःच्या जिद्दीवर नव्हे. वाचणारी आई होती, इंदूरला आत्याचे घर होते, कविता समजून घेणारा एक प्राध्यापक होता, आणि शेवटी राजनांदगावसारखे एक लहान गाव होते. यांतला एकेक आधार काढून पाहिला तर उज्जैनच्या त्या नापास मुलाचे पुढे काय झाले असते, याची कल्पना करता येते. तसे आधार न मिळालेल्या मुलांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही मुक्तिबोधांची एक कथा आहे. बापाने मूर्ख म्हणून घराबाहेर काढलेला दक्षिणेकडील खेड्यातला एक मुलगा विद्या मिळवण्यासाठी पायी काशीला पोहोचतो. पंडितांच्या नगरीत त्याला कोणी दारात उभे करत नाही. टवाळ विद्यार्थी थट्टेने त्याला एका ओसाड वाड्याकडे पाठवतात. तेथे मात्र त्याला खरोखर गुरू भेटतो आणि बारा वर्षे शिकवतो. विद्या पूर्ण झाल्यावर कळते की गुरू मनुष्य नसून ब्रह्मराक्षस आहे. जिवंतपणी त्याने मिळवलेले ज्ञान कोणा योग्य शिष्याला दिले नाही, म्हणून त्याला मुक्ती नव्हती. या अडाणी खेडूत पोराला शिकवल्यावर तो मुक्त होतो, आणि आता हे ज्ञान पुढे देण्याचे दायित्व शिष्यावर येते.

कथेत विद्यार्थ्यापेक्षा गुरूची गरज मोठी आहे. दाराशी आलेल्या मुलाला आत घेणे हे त्या मुलावरचे उपकार नव्हेत. विद्या ज्याच्याजवळ आहे त्याचीच सुटका त्यात आहे. सांदीपनींच्या आश्रमात सुदाम्याला जागा मिळाली, तिचा अर्थ मुक्तिबोधांनी असा लावला होता असे म्हणता येईल. राजनांदगावच्या त्या तलावाकाठच्या वाड्यात आज त्यांचे स्मारक आहे आणि शेजारी महाविद्यालय भरते आहे. दर वर्षी जून-जुलैत आसपासच्या खेड्यांतील मुले तेथे प्रवेशासाठी येतात, हातात गुणपत्रिका घेऊन.